डाग कापडावर, दोष सीलमध्ये

कापडाच्या धंद्यात तीस वर्षे घालवली की डाग पाहताच त्याची जात ओळखता येते, असा आमचा समज होता. हळदीचा, चहाचा, गंजाचा, कच्च्या रंगाचा, सगळे डाग आमच्या ओळखीचे. हा समज एका वॉशिंग मशीनने उतरवला. त्या प्रकरणात आमचे एक जुने गिऱ्हाईक हातचे जाण्याची वेळ आली, आमच्याच मोहल्ल्यातल्या एका होतकरू मेस्त्रीचे नाव खराब होण्याची वेळ आली, आणि शेवटी कळले ते एवढेच की सारा दोष काही शे रुपयांच्या एका रबरी कड्यात होता. हे प्रकरण आम्ही व्यापारी आणि कारागीर अशा दोन्ही बांधवांसमोर ठेवत आहोत, कारण त्यात दोघांनाही घेण्यासारखे काही आहे.

गाठोडे दुकानात आले

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत आमचे एक गिऱ्हाईक आहे. लहानसे वर्कशॉप, पाच-सहा लेथ, वीस-बावीस कामगार, आणि चाकणच्या मोठ्या कारखान्यांना लागणारे सुटे भाग तयार करण्याचे काम. त्यांच्या कामगारांच्या युनिफॉर्मचे कापड वर्षानुवर्षे आमच्याकडून जाते. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून एक दिवसाआड पाणी सुरू झाले, तेव्हा खोलीवर राहणाऱ्या कामगारांची कपडे धुण्याची अडचण होऊ लागली. मालक दिलदार माणूस. त्यांनी शेडच्या मागे, पुढून काचेचे दार असलेली एक वापरलेली वॉशिंग मशीन बसवली आणि कामगारांना सांगितले, युनिफॉर्म इथेच धुवा.

नवे युनिफॉर्म देऊन दीड-दोन महिने झाले असतील. एक दिवस मालक स्वतः गाठोडे घेऊन दुकानात आले. गादीवर ते सोडून म्हणाले, "शेठ, हे तुमचं कापड. बघा काय झालंय ते." फिकट निळ्या कापडावर मुगाच्या दाण्याएवढे काळपट ठिपके, कुठे ओढल्यासारखी रेघ. त्यांचे म्हणणे, कापडाचा रंग पक्का नाही. आम्ही ठिपका बोटाने चोळला, बोटाला चिकटपणा लागला. आम्ही म्हणालो, "हा रंग नाही, हे वंगण आहे. तुमच्या लेथचं असेल." त्यावर त्यांनी जे विचारले त्याला आमच्याकडे उत्तर नव्हते. "आमची माणसं लेथला पाठ टेकून काम करतात काय? डाग पाठीवर आहेत."

आमच्याही तोंडून दोन शब्द कमी-जास्त गेले. तीस वर्षांचा तजुर्बा बोलू लागला की कान बंद होतात, हा आमचाही दोष. बोलणे तुटायच्या बेताला आले असताना त्या गाठोड्यातून एक पांढरा टॉवेल खाली पडला. कोणा कामगाराचा असावा, चुकून आलेला. त्या टॉवेलवरही तसेच ठिपके होते. तो टॉवेल आमच्या दुकानातला नव्हता आणि तो लेथच्या जवळपासही गेलेला नव्हता. दोन वेगळी कापडे, दोन वेगळे उपयोग, पण डाग एकच. दोघांची भेट फक्त एका जागी झालेली होती, मशीनच्या ड्रममध्ये.

मराठीत म्हण आहे, दुखणे म्हशीला आणि औषध पखालीला. आम्ही दोघेही तेच करत होतो. ते कापडाला दोष देत होते आणि आम्ही लेथला.

ग्रीस की साबणाची घाण?

मशीन पाहायला जाण्यापूर्वी एक गोष्ट सांगितली पाहिजे. मशीनमधून निघणारा प्रत्येक काळा डाग ग्रीसचा नसतो. थंड पाण्यात जास्त पावडर टाकली, कपडे मऊ करणारे द्रव्य रोज वापरले, दार सदा बंद ठेवले, की ड्रमच्या मागच्या बाजूला साबण, मळ आणि बुरशी यांचा थर बसतो. त्याचे पापुद्रे सुटून कपड्यांना चिकटतात. तेही काळे-करडे दिसतात. पण ते बोटात चोळले की चुरडतात, त्यांना कुबट वास येतो. त्याला मेस्त्री लागत नाही. रिकामी मशीन एकदा-दोनदा गरम पाण्यावर चालवावी, पावडर कमी करावी, धुणे झाल्यावर दार उघडे ठेवावे, एवढ्याने काम भागते.

ग्रीस मात्र चोळल्यावर पसरते, चुरडत नाही. नुसत्या पाण्याने जात नाही. भांड्याच्या साबणाने सैल पडते. त्यात तांबूस छटा असली तर समजावे की ग्रीसबरोबर गंजही येतो आहे, म्हणजे दुखणे जुने आहे.

सर्वांत सोपी परीक्षा पांढऱ्या कापडाची. मशीनमध्ये दुसरे काहीही न टाकता, पावडरही न टाकता, दोन-तीन जुनी पांढरी फडकी टाकून एक पूर्ण धुणे चालवावे. फडक्यांवर ठिपके आले तर ते मशीनचेच. आले नाहीत तर आधीच्या कपड्यांकडे बोट दाखवावे. आपल्या या औद्योगिक पट्ट्यात ही परीक्षा फार महत्त्वाची आहे. इथल्या घराघरांतल्या युनिफॉर्मवर कटिंग ऑइल आणि ग्रीस कामावरूनच येते. मशीन निर्दोष असतानाही एका युनिफॉर्मचे वंगण दुसऱ्या कपड्याला लागू शकते. ही परीक्षा न करता मशीन उघडणारा मेस्त्री आणि ही परीक्षा न करता कापड बदलून देणारा दुकानदार, दोघेही अंधारात तीर मारतात.

त्या शेडमध्ये आम्ही दुकानातली तीन पांढरी फडकी घेऊन गेलो. तासाभराने बाहेर काढली तेव्हा दोन फडक्यांवर ठिपके होते. मालक काही बोलले नाहीत. आम्हीही बोललो नाही.

ग्रीस बाहेर का येते?

आता मशीनच्या पोटात काय असते ते पाहू. पुढून दार असलेल्या मशीनमध्ये दोन पिंप असतात. बाहेरचा टब पाणी धरतो, तो फिरत नाही. आतला पोलादी ड्रम कपडे घेऊन फिरतो. ड्रमच्या पाठीला तीन हातांचा एक ओतीव कंस असतो, त्याला कारागीर क्रॉस किंवा स्पायडर म्हणतात. त्या कंसाला शाफ्ट बसवलेला असतो. हा शाफ्ट बाहेरच्या टबच्या पाठीतून आरपार जातो, पलीकडे त्याला पुली आणि पुलीला पट्टा. पट्टा न लावता मोटर थेट शाफ्टवर बसवलेली मशीनही आता मिळते, पण शाफ्टची व्यवस्था तीच. शाफ्ट सहज फिरावा म्हणून टबच्या पाठीत एकापुढे एक अशी दोन बेअरिंगे बसवलेली असतात. बेअरिंगमध्ये ग्रीस भरलेले असते.

म्हणजे एका बाजूला साबणाचे पाणी, दुसऱ्या बाजूला ग्रीसने भरलेले बेअरिंग, आणि दोघांच्या मध्ये काय? फक्त एक रबरी कडे. त्याला सील म्हणतात. त्याचा पातळ ओठ फिरत्या शाफ्टला सतत चिकटून राहतो आणि पाण्याला अडवतो. हा ओठ झिजला, फाटला किंवा ताठ झाला की साबणाचे पाणी बेअरिंगमध्ये शिरते. साबणाचे काम चिकटपणा काढणे, ते ग्रीसही धुऊन काढते. धुतलेले ग्रीस परत टबात येते आणि कपड्यांवर बसते. मागे राहिलेल्या कोरड्या गोळ्यांना गंज चढतो, मग कपडे पिळताना विमान उडाल्यासारखा आवाज येऊ लागतो.

तेव्हा लक्षात ठेवावे की ग्रीस दिसणे ही खबर आहे, आजार नव्हे. आजार सीलचा. बेअरिंग हा त्याचा बळी.

वरून झाकण असलेल्या मशीनची गोष्ट थोडी वेगळी. पूर्ण स्वयंचलित मशीनमध्ये ड्रमच्या खाली गिअर आणि क्लचचा संच असतो. त्याचे सील गेले तर तेल खाली गळते, मशीनच्या मधोमध फरशीवर डाग पडतो. दोन टबांच्या अर्धस्वयंचलित मशीनमध्ये, जी चाकण-महाळुंगे भागात कामगारांच्या खोल्यांतून जास्त दिसते, धुण्याच्या टबातल्या फिरत्या चकतीखाली गिअरबॉक्सचा दांडा असतो. चकतीभोवती काळे ग्रीस दिसले तर त्या दांड्याचे सील पाहावे. पिळण्याच्या बाजूला खाली पाणी ठिबकत असेल तर तिथले सील पाहावे, कारण ते पाणी पुढे मोटरवर पडून मोटर जाळते. नाव काही असो, रीत काही असो, प्रश्न एकच: पाणी आणि वंगण यांच्यातली भिंत कुठे पडली?

मशीन खोलण्यापूर्वीच पुष्कळ कळते. आधी वायर बोर्डातून काढावी, नुसते बटण बंद करून भागत नाही. दार उघडून आतला ड्रम हाताने फिरवावा, घरघर ऐकू आली तर बेअरिंग गेले. ड्रमची पुढची कड वर-खाली हलवावी. ड्रम आणि टब दोन्ही मिळून हलले तर ते स्प्रिंगचे हलणे, त्यात दोष नाही. टब जागेवर राहून ड्रमच खटखट करत असेल तर बेअरिंग झिजले किंवा मागचा क्रॉस तुटला. मग मागचा पत्रा काढून पुलीच्या मागे बॅटरी मारावी. टबच्या मधोमध सुरू होऊन खाली ओघळलेली तपकिरी रेघ दिसली तर निदान पुरे झाले. सील गळते आहे.

बेअरिंग बदलले, सील राहिले

त्या मशीनच्या पाठीमागे ही रेघ होती. आणि आमच्या पोटात गोळा आला, कारण तीन महिन्यांपूर्वी याच मशीनचे बेअरिंग बदलायला मेस्त्री आम्हीच पाठवला होता. आमच्या मोहल्ल्यातला मुलगा, फिटरचे काम शिकलेला, हात चांगला. आमच्या शब्दावर मालकांनी त्याला काम दिले होते.

त्याला बोलावले. त्याने काही लपवले नाही. म्हणाला, "चाचा, बेअरिंग नवीन टाकलं. सील त्या दिवशी दुकानात मिळालं नाही. मालक म्हणाले, मशीन आजच चालू पाहिजे. जुनं सील बघितलं तर चांगलं वाटलं, पुसून तेच बसवलं."

मशीन पुन्हा खोलली. सीलच्या ओठाखाली लेथच्या लोखंडी चिपेचा एक बारीक वळलेला तुकडा अडकलेला निघाला. युनिफॉर्मच्या खिशातून पडलेला. त्याने ओठ कापला होता, आणि शाफ्टवरच्या पितळी बुशला नखाला लागेल एवढी खाच पाडली होती. म्हणजे दोष कोणा एकाचा नव्हता. कामगारांनी खिसे झटकले नाहीत, मालकांनी घाई केली, मेस्त्रीने सील वाचवले, आणि आम्ही तपास न करता भांडलो.

कारागीर बांधवांसाठी या कामातल्या चार गोष्टी इथे नोंदवतो. आम्ही मेस्त्री नाही, पण शेजारी बसून पाहिले आहे आणि जाणत्यांना विचारले आहे.

पहिली, बेअरिंग बदलताना सील बदललेच पाहिजे. सील मिळाले नाही तर काम उद्यावर ढकलावे, पण अर्धे करू नये. सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी लिहिलेली असते, तीच मापे जुळवावीत.

दुसरी, शाफ्टचा बुश आणि क्रॉस तपासावा. बुशला खाच असेल तर नवे सीलही गळणार. क्रॉस बहुधा अॅल्युमिनियमचा असतो, साबणाच्या पाण्याने तो पोखरला जातो. त्याला तडा असेल तर नव्या बेअरिंगचा खर्च वाया.

तिसरी, बेअरिंग घरात बसवताना फक्त बाहेरच्या कड्यावर दाब द्यावा. आतल्या कड्यावर हातोडा मारला की गोळ्या फिरतात त्या वाटेवर खड्डे पडतात, नवे बेअरिंग पहिल्याच दिवशी आवाज करते. मारण्यापेक्षा दाबून बसवणे केव्हाही चांगले.

चौथी, सीलचा ओठ पाण्याच्या बाजूला तोंड करून बसवावा आणि त्याच्या ओठांत पाण्याला टिकणारे, रबराला न खाणारे, सीलसाठीच मिळणारे ग्रीस भरावे. गाडीच्या डब्यातले साधे ग्रीस चालत नाही, काही रबर त्याने फुगते. आणि ग्रीस भरपूर भरले म्हणजे सील टिकले असे नाही. जादा ग्रीस पहिल्याच धुण्यात कपड्यांवर येते.

काम झाल्यावर पुन्हा तीच पांढऱ्या फडक्यांची परीक्षा, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत. आमच्या मुलाने ती केली. पहिल्या फेरीत नव्या ग्रीसचा एक पुसट ठिपका आला, दुसऱ्या फेरीत फडकी पांढरी निघाली.

डागाळलेल्या युनिफॉर्मचे काय केले तेही सांगतो, कारण ते आमच्या धंद्याचे. ताज्या ग्रीसवर आधी खडूची भुकटी टाकून ती थोडा वेळ ठेवावी, झटकावी, मग भांड्याचा साबण कोरड्या कापडावरच चोळून कोमट पाण्यात धुवावे. डाग पूर्ण गेल्याशिवाय इस्त्री करू नये, उष्णतेने तो पक्का होतो. तांबूस गंजाच्या डागावर ब्लीच टाकू नये, गंज आणखी गडद होतो. तिथे लिंबाचा रस चालतो, पण कापडाच्या कोपऱ्यावर पाहून मगच. बरेचसे युनिफॉर्म स्वच्छ झाले. जे झाले नाहीत त्यांच्या कापडाचे अर्धे पैसे आम्ही सोसले. कापडात खोट नव्हती, पण मेस्त्री आमच्या शब्दावर गेला होता. शब्द हाही व्यापाऱ्याचा माल आहे, तो परत आला तर बदलून द्यावा लागतो.

बेअरिंग शेजारी, मशीन भंगारात

इथपर्यंतची गोष्ट सुखाची, कारण त्या मशीनचा टब बोल्टांनी जोडलेला होता. तो उघडला, काम झाले, पुन्हा बंद केला. पण आता बाजारात येणाऱ्या पुष्कळ मशीनमध्ये टबचे दोन्ही भाग कारखान्यातच वितळवून कायमचे जोडलेले असतात. आत बेअरिंग आहे, सील आहे, पण पोचायला वाट नाही. काही शे रुपयांचे सील बदलण्यासाठी पूर्ण टब-ड्रमचा संच घ्यावा लागतो, आणि त्याची किंमत ऐकून गिऱ्हाईक म्हणते, यापेक्षा नवी मशीन काय वाईट? आपले धाडसी कारागीर करवतीने टब कापतात, सील-बेअरिंग बदलतात, कडेला भोके पाडून स्क्रू मारतात आणि सिलिकॉन लावून बंद करतात. त्यांच्या हुनराला आमचा सलाम आहे. पण ज्या कामासाठी मशीन कापावी लागते ते काम करणाऱ्याला हमी कशी देता येणार?

या बाबतीत आपला पट्टा मोठा गमतीचा आहे. चिंचवडमध्ये एसकेएफ कंपनीचा बेअरिंगचा कारखाना १९६० च्या दशकापासून उभा आहे. बेअरिंगची मापे जगभर ठरलेली आहेत. ६२०५ म्हटले की आतला व्यास २५ मिलिमीटर, बाहेरचा ५२, जाडी १५. ६२०६ म्हटले की ३०, ६२ आणि १६. नंबर सांगा, कुठल्याही कंपनीचे घ्या, बसणार म्हणजे बसणार. या एका शिस्तीवर लेथपासून मोटारसायकलपर्यंत सगळी दुरुस्ती उभी आहे. आणि त्याच शहरात बेअरिंगच्या एका नंबराअभावी नव्हे, तर त्याच्यापर्यंत पोचता येत नाही म्हणून चांगली मोटर, चांगला ड्रम असलेली मशीन भंगारात निघते.

एसकेएफचा उगम आम्हा कापडवाल्यांनी तर जरूर लक्षात ठेवावा. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग शहरात स्वेन विंगक्विस्ट नावाचा एक इंजिनीअर कापड गिरणीत देखभालीचे काम करत होता. गिरणीखालची जमीन चिकणमातीची, ती खचे, त्यामुळे लांबलचक शाफ्ट वाकडे होत आणि बेअरिंगे वारंवार मोडत. त्याने नुसती बेअरिंगे बदलत राहण्याऐवजी ती मोडतात का याचा विचार केला आणि शाफ्ट थोडा कलला तरी स्वतःला सावरून घेणारे बेअरिंग १९०७ मध्ये तयार केले. त्यातून ती कंपनी जन्मली. मोडलेली वस्तू बदलणारे हजार असतात. का मोडली हे विचारणारा एखादाच, आणि धंदा त्याचा उभा राहतो.

युरोपीय संघाने या प्रश्नावर नियम केला आहे. १ मार्च २०२१ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या घरगुती वॉशिंग मशीनच्या उत्पादकांना मोटर, पंप, ड्रम, क्रॉस आणि त्याची बेअरिंगे, सुटी किंवा संचात, व्यावसायिक दुरुस्ती करणाऱ्यांना त्या नमुन्याची शेवटची मशीन बाजारात आल्यानंतर किमान १० वर्षे पुरवावी लागतात. हे भाग सर्वत्र मिळणाऱ्या हत्यारांनी आणि मशीनची कायमची नासधूस न करता बदलता आले पाहिजेत, असेही त्यात म्हटले आहे. "संचात" या शब्दाने कंपन्यांना पळवाट ठेवली आहे हे खरे, पण निदान भाग मिळण्याची मुदत तरी ठरली.

आपल्याकडे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' नावाचे संकेतस्थळ सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स, वाहने आणि घरगुती उपकरणे अशी चार क्षेत्रे त्यात घेतली आहेत. पाऊल चांगले आहे. पण संकेतस्थळावर माहिती मिळणे वेगळे आणि दुकानाच्या फळीवर सील मिळणे वेगळे. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, त्यांत वॉशिंग मशीनही येते आणि पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकावर आहे. आमचे म्हणणे साधे आहे: मशीन मेल्यावर तिचे पुनर्वापरात काय करायचे याचा हिशेब ठेवता, तर ती जगावी म्हणून सील सुटे विका आणि टब बोल्टांनी जोडा.

हा प्रश्न आपल्या कारागिरांना आता जास्त बोचतो त्याला आणखी एक कारण आहे. जुना टब, पुली, क्रॉस हवा असला की आमच्या ओळखीचे मेस्त्री कुदळवाडीचा रस्ता धरत. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेच्या कारवाईत कुदळवाडी-चिखली भागातली हजारो शेड, गोदामे आणि भंगाराची दुकाने पाडली गेली. त्या कारवाईचा वाद हा या लेखाचा विषय नाही. पण जुन्या सुट्या भागांचा एवढा मोठा बाजार विखुरल्यावर, नवा भाग कंपनी देत नाही आणि जुना भाग सापडत नाही अशा कात्रीत मेस्त्री सापडतो, ही वस्तुस्थिती आहे.

आपण काय करावे?

सरकार आणि कंपन्या जेव्हा करतील तेव्हा करोत. आपल्या हातात काय आहे?

मशीन विकणाऱ्या दुकानदार बांधवांना आमची विनंती, की माल भरताना कंपनीच्या माणसाला एक प्रश्न जरूर विचारा: टब उघडतो का, आणि सील-बेअरिंग सुटे मिळते का? गिऱ्हाइकालाही ते सांगा. आज कदाचित एक विक्री हातची जाईल, पण पाच वर्षांनी तेच गिऱ्हाईक तुमचेच दुकान विचारत येईल.

हार्डवेअर आणि बेअरिंगच्या दुकानदारांनी नेहमीच्या मापांची सीले फळीवर ठेवावीत. बेअरिंग मागायला आलेल्या मेस्त्रीला "सील नको का?" एवढे विचारले तरी अर्धी भांडणे मिटतील. आमच्या मुलाला त्या दिवशी सील मिळाले असते तर हा लेख लिहावाच लागला नसता.

मेस्त्री बांधवांनी तीन गोष्टींची सवय करावी. आधी फडक्याची परीक्षा, मग अंदाज. काढलेले जुने सील आणि बेअरिंग गिऱ्हाइकाच्या हातात देणे. आणि चिठ्ठीवर काय बदलले, काय बदलले नाही, ते लिहून देणे. "सील जुने, गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून" एवढे चार शब्द त्या चिठ्ठीवर असते तर मालकांनाही घाईचा विचार करावा लागला असता. आपल्या मुलांच्या हातात हुनर आहे याबद्दल आम्हाला शंका नाही. उणीव आहे ती लिहिण्याची आणि नाही म्हणण्याची. "आज सील नाही, उद्या करतो" असे म्हणणारा कारागीर गिऱ्हाइकाला त्या दिवशी कडू लागतो, पण मोहल्ल्यात बरकत त्याच्याच कामाला येते.

आणि वर्कशॉपवाल्यांनी मशीनजवळ एक रिकामा डबा ठेवावा. खिसे आधी डब्यात, मग युनिफॉर्म मशीनमध्ये. त्या भोसरीच्या शेडमध्ये आता असा डबा आहे. मागच्या महिन्यात आम्ही मापे घ्यायला गेलो तेव्हा तो लोखंडाच्या चिपांनी अर्धा भरलेला होता. मालकांनी तो उचलून आम्हाला दाखवला आणि म्हणाले, "शेठ, हे सगळं आम्ही मशीनला खाऊ घालत होतो." नव्या युनिफॉर्मचे कापड त्यांनी आमच्याकडूनच घेतले. रंग मात्र या खेपेला गडद निळा निवडला. आम्ही त्यावर काही बोललो नाही. एकदा डाग पाहिलेल्या माणसाला फिकट रंगावर पुन्हा भरवसा यायला वेळ लागतो, आणि तो वेळ त्याला देणे हेही दुकानदारीतच येते.